बॉनेट उघडून केलेली पूजा

मित्रांनो, वय विचाराल तर मी अडतीस वर्षांची मिनीबस आहे, आणि वास विचाराल तर तो शिळ्या बियरचा आहे. हा वास माझा नव्हे. पेट्रोल, ऑइल आणि पाणी यांखेरीज मी जन्मात कशाला तोंड लावलेले नाही. तो माझ्या अंगाला कसा चिकटला हे सांगताना मला आजही मळमळते, पण तुम्ही शहाणी मुले आहात, म्हणून सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका बेटांच्या देशात झाला. तिथे तुमच्याकडच्यासारखेच स्टिअरिंग उजव्या बाजूला असते. मी एका बालवाडीची गाडी होते. माझ्या अंगावर अजूनही एक निळा ससा आहे आणि त्याच्याखाली चार अक्षरे आहेत, जी इथे कोणालाच वाचता येत नाहीत. चौदा वर्षांनी तिथल्या लोकांनी मला म्हातारी ठरवले आणि जहाजात घातले. मग वाळवंट ओलांडून, डोंगर चढवून मला एल आल्तो शहरात आणले. इथे समुद्र चार हजार मीटर खाली राहतो आणि माणसांनाही दम लागतो, तिथे माझी काय कथा! आल्या आल्या एका कारागिराने माझे स्टिअरिंग उपटून डावीकडे बसवले. उजवीकडे जे भगदाड उरले त्यावर प्लायवूडचा तुकडा ठोकला. त्या कारागिराचे हात मच्छीच्या तेलाने बरबटलेले होते. ते मी विसरलेले नाही.

पण मला विकत घेतले ते सेवेरोने, आणि तिथे माझे नशीब फळफळले. सेवेरो सकाळी आधी माझे ऑइल बघायचा आणि मग स्वतःचा चहा प्यायचा. दर शनिवारी तो बॉनेट उघडून, ठिणगी वाटणारी जी काळी डबी असते ना, डिस्ट्रिब्यूटर म्हणतात तिला, तिचे झाकण कोरड्या फडक्याने पुसायचा. त्याची बायको बासिलिया दाराशी उभी राहून थांब्यांची नावे ओरडायची. तेवीस वर्षे तिचा आवाज माझ्या पत्र्यातून घुमला. शनिवारी ती सेवेरोला एकेक वायर हातात द्यायची आणि तो म्हणायचा, "ही पहिली, ही तिसरी. क्रम चुकला तर ही खोकते बरं का."

मागच्या थंडीत छातीच्या दुखण्याने सेवेरो गेला. मला पत्र्याच्या छपराखाली ढकलून ठेवले. शेजाऱ्यांच्या कोंबड्या माझ्या सीटवर झोपू लागल्या. त्यांनी तिथे काय काय केले ते मी सांगणार नाही. मला ओकता येत असते तर मी तेव्हाच ओकले असते.

आमच्या लाइनच्या चालक संघटनेचा एक नियम आहे. चालक मेला तर त्याची जागा त्याच्या घरच्यांसाठी नव्वद दिवस राखून ठेवतात. त्या मुदतीत घरातल्या कोणीतरी गाडी घेऊन स्टँडवर हजर व्हायचे. नाहीतर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला. रांगेत आठ जण होते. बासिलियाला दुसरे उत्पन्न नव्हते. तिने फुटबॉलच्या मैदानावर मला चालवायला सुरुवात केली, आणि लायसन काढले तेव्हा ऐंशी दिवस उलटून गेले होते.

स्टँडवरचे पुरुष काय बोलायचे ते मी ऐकले आहे.

"एवढ्या घेराच्या झग्याखाली क्लच सापडतो का गं बासिलिया?" एकाने विचारले.

"तुम्हाला एवढ्या घेराच्या पोटाखाली सापडतो, मग मला न सापडायला काय झालं?" ती म्हणाली. त्या दिवशी मला फार बरे वाटले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. इथे कोणतीही गाडी नव्या हातात गेली की तिला एका मोठ्या तळ्याकाठच्या कोपाकबाना गावी नेतात. देवळासमोर फुलांनी सजवतात, पाद्री पवित्र पाणी शिंपडतो, आणि मग गाडीचा पाद्रिनो, म्हणजे तिचा धर्मबाप, धरणीमायेच्या नावाने दारू शिंपडतो. त्याशिवाय आमची संघटना गाडीला लाइनवर घेत नाही. बासिलियाची मुदत सोमवारी सकाळी सातला संपत होती, म्हणून रविवारी आम्ही निघालो. धर्मबाप कोण? तर संघटनेचे प्रमुख पोलिकार्पिओ स्वतः. त्यांनी आपणहून मान घेतला होता. मोठा माणूस, मोठी टोपी आणि त्याहून मोठा आवाज. सोबत त्यांचा मेकॅनिक पुतण्या रामिरो आणि बियरच्या बाटल्यांचा अख्खा खोका.

पाद्र्याचे पाणी मला आवडले. थोडे होते, स्वच्छ होते आणि तो पटकन पुढच्या गाडीकडे गेला. चारही टायरांवर धर्मबापांनी मद्याची एकेक धार सोडली, तेही मी सोसले. टायरांनी त्याहून घाण गोष्टी पाहिल्या आहेत. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बॉनेट उघड, पोरी. हिच्या काळजाला पाजल्याशिवाय पूजा कसली?"

बासिलिया घुटमळली. "पाद्रिनो, सेवेरो बॉनेट बंदच ठेवायचा."

"आणि काय झालं त्याचं?"

तिने बॉनेट उघडले. पोलिकार्पिओंनी बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबला, बाटली गदागदा हलवली आणि माझ्या इंजिनावर सोडली. फेस! गार, आंबूस, बुडबुड्यांचा फेस! तो वायरींवरून ओघळला, कार्ब्युरेटरच्या सांध्यात शिरला आणि त्या काळ्या डबीवर साचला. डबीच्या झाकणाला एक बारीक तडा आहे, तिथून तो आत झिरपताना मला कळत होते. दुसरी बाटली ओतली. मग सफरचंदाची गोड दारू ओतली, म्हणजे बियरने जे चिकटले नव्हते तेही चिकटावे. वरून रंगीत कागदांच्या टिकल्यांची मूठ आणि झेंडूच्या पाकळ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फटाके उडाले. एका बाईने मुका घेतला तो थेट माझ्या हेडलाइटवर, तोंडात तळलेला मासा असताना.

पोलिकार्पिओंनी उरलेली बाटली बासिलियापुढे धरली.

"घे, धर्मबापाच्या हातची आहे."

"जमिनीला माझ्या नावानं ओता, पाद्रिनो. मला चालवायचं आहे."

ते जरा फुगले, पण त्यांनीच ती संपवली.

मग सगळ्यांनी तळलेले मासे, उकडलेले बटाटे आणि भाजलेला मका खाल्ला. ताट म्हणून माझे बॉनेट वापरले. साडेतीनला निघायचे ठरले. वाटेत तळ्याचा अरुंद भाग तराफ्यावरून ओलांडावा लागतो आणि अंधार पडला की तराफे थांबतात. धक्का तासाभराच्या अंतरावर होता. बासिलियाने किल्ली फिरवली. सेल्फने इंजिन झकास गरगर फिरवले. पण पेट काही घेतला नाही. पुन्हा फिरवली. गरगर, गरगर आणि काही नाही. माझे सगळे अवयव हलत होते, फक्त आग लागत नव्हती.

"धरणीमाय तहानलेली राहिली," पोलिकार्पिओंनी निदान केले.

आणि मित्रांनो, विश्वास ठेवा, त्यांनी आणखी एक बाटली उघडून माझ्या इंजिनात ओतली. ज्याने पोट बिघडले तेच औषध म्हणून पाजणारे वैद्य तुमच्याकडेही असतील. पण ते निदान चमच्याने पाजतात.

मग रामिरो पुढे झाला. आधी म्हणाला, बॅटरी उतरली. बॅटरी उतरली असती तर सेल्फ एवढ्या जोरात फिरला असता का? मग म्हणाला, पेट्रोल येत नाही. त्याने नळी सोडवली, तोंडाने ओढली, तोंडभर पेट्रोल आले ते माझ्याच चाकावर थुंकला आणि बाहीला तोंड पुसले. मग त्याने प्लग काढला. प्लग पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल येत होते. तो प्लग त्याने थुंकी लावून अंगठ्याने चोळला आणि परत बसवला. थुंकी! माझ्या पोटात! त्या क्षणी मला कोंबड्या सभ्य वाटल्या.

"कॉईल मेली," ठिणगी जिथे जन्मते त्या गुंडाळीबद्दल शेवटी रामिरोने जाहीर केले. "नवी कॉईल इथे रविवारी कुठे मिळणार? गाडी इथेच सोडा."

पोलिकार्पिओंनी बासिलियाच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरी, नशिबात असतं तेच होतं. जागेचं पुढच्या वर्षी बघू काहीतरी."

"पुढच्या वर्षी? आठ जण आहेत माझ्यापुढे."

"मग नवव्या वर्षी बघू," रामिरो हसत म्हणाला.

बासिलिया हसली नाही. ती खाली उतरली. तिने खांद्यावरच्या लोकरी शालीची चार पदरी घडी केली, एका प्लगची वायर त्या घडीत धरली आणि तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ, बोटाच्या पेराइतके लांब ठेवले. "रामिरो, सेल्फ मार." त्याने मारला. टोकावर काहीच दिसले नाही.

"बघ, मी काय सांगितलं? मेली!" रामिरो म्हणाला. आपले शहाणपण सिद्ध करायला तो तरातरा खाली उतरला, कॉईलमधून डबीकडे जाणारी जाड वायर त्याने उपटली आणि उघड्या, बियरने ओल्या हातात धरली. "मार सेल्फ, तुझ्या डोळ्यांनी बघ."

बासिलियाने किल्ली फिरवली.

"आई गं! मेलो! मेलो!" रामिरो दोन हात मागे जाऊन उरलेल्या माशांच्या टोपलीत बसला.

"मेलेली कॉईल एवढी चावत नाही," बासिलिया म्हणाली.

आजूबाजूचे लोक खो खो हसले, मीसुद्धा हसले असते. पण तिचे लक्ष हसण्याकडे नव्हते. कॉईलपर्यंत करंट आहे, प्लगपर्यंत नाही. मग मध्ये काय आहे? मध्ये ती काळी डबी. शनिवारची, कोरड्या फडक्याची डबी. तिने दोन्ही क्लिपा सोडवल्या आणि झाकण उचलले. आतून बियर तिच्या मनगटावर सांडली. आतल्या फिरणाऱ्या तुकड्याला एक लाल कागदी टिकली चिकटली होती, एका पितळी खुंटीवर झेंडूची पाकळी होती आणि सगळे गोड दारूने माखलेले. ठिणगी बिचारी त्या चिखलातून वाट चुकून भलतीकडेच जिरत होती.

बासिलियाला सगळे कळले. मला वाटले, आता ही ओरडणार. मला तिने ओरडायला हवे होते! पण तिने मागे पाहिले. धर्मबाप हात पाठीमागे बांधून उभे होते आणि भोवती सारा गोतावळा होता. सगळ्यांसमोर धर्मबापाला सांगायचे की तुमच्या पूजेने गाडी मेली, म्हणजे त्यांच्या तोंडात मारण्यासारखे होते. आणि उद्या लाइनवर कोणाला घ्यायचे त्या यादीवर सही त्यांचीच लागणार होती. ती वळून उभी राहिली, लोकांकडे पाठ करून. फुलवाल्या म्हातारीकडून तिने पूजेसाठी विकतात ती शुद्ध मद्यार्काची छोटी बाटली घेतली, त्याने झाकण आतून धुतले, फडक्याने कोरडे केले, उन्हात दगडावर ठेवले. पाव तास ती त्या दगडाशेजारी बसून होती. मग झाकण बसवले आणि वायरी क्रमाने लावल्या. किल्ली फिरवली आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले.

"काय होतं गं?" पोलिकार्पिओंनी विचारले.

"येताना तराफ्यावर तळ्याचं पाणी उडालं असेल, पाद्रिनो. तेच आत शिरलं."

"मला वाटलंच होतं!" ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "तळ्याचं पाणी फार वाईट."

तळ्याचे पाणी! मित्रांनो, ते तळे इतके स्वच्छ आहे की कडेला उभे राहिले तर तळाचे दगड दिसतात. त्या बिचाऱ्या तळ्यावर बियरचा आळ! मला त्या माणसाची किळस आली, आणि खरे सांगते, क्षणभर बासिलियाचीही आली. आम्ही शेवटचा तराफा गाठला.

पण डबी पुसली म्हणून काय झाले? इंजिनामागच्या पत्र्यावरच्या जाड नमद्यात, म्हणजे लोकरी अस्तरात, तीन बाटल्या मुरल्या होत्या. घाट चढताना इंजिन तापले आणि ती बियर आत शिजली. सकाळी मी उठले ती आंबून. माझ्या हिटरमधून असा भपकारा येत होता की रस्त्यावरची कुत्री तोंड फिरवत होती.

सात वाजायला दहा मिनिटे असताना आम्ही स्टँडवर पोहोचलो. तपासणीला शिस्तप्रमुख तेओफिलो होते. बारीक, कडक माणूस. चालक प्यायलेला आढळला तर त्याला लाइनवरून कायमचे काढायचे, हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी स्वतःच्या भावालाही लावला होता. त्यांनी बासिलियाच्या खिडकीतून डोके आत घातले आणि झटकन बाहेर काढले.

"बाई, खाली उतरा."

"का?"

"का म्हणून विचारता? सकाळी सकाळी! दारूच्या गुत्त्यासारखा वास येतोय."

चालक जमले. "नवऱ्याच्या दुःखात असेल," एक म्हणाला. "सांगितलं होतं ना, बाईमाणसाचं काम नाही," दुसरा म्हणाला. रांगेतला पहिला उमेदवार आपली गाडी पुसू लागला होता. पोलिकार्पिओ यादी हातात घेऊन तिथेच उभे होते. एका वाक्यात ते सगळे मिटवू शकत होते. त्यांनी यादीत डोके घातले आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

बासिलियाने त्यांच्याकडे पाहिले. मग ती तेओफिलोंच्या इतकी जवळ गेली की त्यांची टोपी मागे सरकली.

"आधी माझं तोंड हुंगा," ती म्हणाली.

"बाई, चार माणसांत..."

"चार माणसांतच दारुडी म्हणालात ना? चार माणसांतच हुंगा." आणि तिने त्यांच्या तोंडावर श्वास सोडला. मग तिने माझे बॉनेट उघडले. "आता हिचं हुंगा."

तेओफिलो वाकले. त्यांनी नमद्याला बोट लावले, बोट नाकाशी नेले आणि कपाळाला आठ्या घातल्या. कार्ब्युरेटरजवळ चिकटलेल्या दोन कागदी टिकल्या त्यांनी नखाने खरवडून काढल्या.

"बाई कोरडी आहे," ते म्हणाले. "गाडी प्यायली आहे." कोणी तरी फिसकन हसले. तेओफिलो हसले नाहीत. "हिला पाजली कोणी?"

आता मात्र कोणी हसेना. ज्यांनी काल टाळ्या वाजवल्या होत्या तेही आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"पाद्रिनो," बासिलिया म्हणाली, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

एवढा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मी ओतली," पोलिकार्पिओ पुटपुटले. मग मान वर करून म्हणाले, "प्रेमानं ओतली होती, पोरी."

"ठाऊक आहे. म्हणून तर काल तळ्यावर ढकललं. आज ते माझ्या अब्रूवर आलं, आज नाही ढकलणार." तिने हात पुढे केला. "सही करा. सात वाजायला दोन मिनिटं आहेत."

त्यांनी सही केली.

मित्रांनो, मी आता लाइनवर आहे. बासिलियाने मला तीन वेळा गरम पाण्याने धुतले, तरी ऊन तापले की उतारू अजून नाक मुरडतात, आणि काही जण तिच्याकडे संशयाने बघतात. ती खिडकी उघडते. म्हणून एवढेच सांगते. ज्याच्यावर जीव आहे त्याला फुले वाहा, त्याच्यापुढे नाचा, हवे तर दारात दिवा लावा. पण ओतण्याआधी ते त्याला सोसते का, एवढे विचारा. आणि ओतून बसला असाल तर चूक आपणहून कबूल करा. तुमच्या प्रेमापायी दुसऱ्या कोणाला चार माणसांत आपले तोंड हुंगायला द्यावे लागू नये.